ज्याचा कान त्याचं निदान

सातिवलीत कुठल्याही आवाजाचं निदान करायचं तर शुक्रवारची वाट पाहावी लागते. एरवी गाळ्यागाळ्यांतून पॉवर प्रेस आपटत असतात, लेथ किंचाळत असतात आणि हायवेकडे निघालेले टेम्पो हॉर्नवर हात ठेवूनच जन्माला आलेले असतात. त्या गदारोळात ‘बुलेटचा टॅपेट वाजतोय’ असं छातीठोक सांगणारा माणूस एकतर ज्योतिषी असतो, नाहीतर भाचा. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. म्हणून भाच्याने जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या साडेतीनशे बुलेटला परफॉर्मन्स कॅम बसवल्यावर जी टकटक सुरू झाली, तिची सुनावणी शुक्रवारी सकाळी सोसायटीच्या आवारात ठेवली गेली.

कॅम म्हणजे एका बाजूने अंड्यासारखं निमुळतं झालेलं पोलाद. ते फिरतं, पुशरॉडला ढकलतं, पुशरॉड रॉकरला ढकलतो, रॉकर वॉल्व्ह दाबतो. परफॉर्मन्स कॅमने वॉल्व्ह जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडा राहतो. त्यामुळे इंजिनाला वरच्या वेगात भरपूर हवा मिळते, खालच्या वेगातली ओढ मात्र घटते. “सातिवलीहून गोखिवऱ्यामार्गे वसई स्टेशनला जाताना वरचा वेग मिळणार कुठे?” मी विचारलं.

“मामा, प्रश्न वेगाचा नाही, क्षमतेचा आहे,” भाचा म्हणाला.

किक बसली. टक टक टक. लोक जमले, आणि प्रत्येकाला आपापल्या धंद्यातला आवाज ऐकू आला. प्रेसवर काम करणारे काका म्हणाले, “डाय लूज आहे.” तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी मान वाकडी करून बराच वेळ ऐकलं आणि वॉल्व्हच्या बाबतीत उशीर बरा नव्हे, असं गंभीरपणे सांगितलं. वकिलांना तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 स्पष्ट ऐकू आलं. वाहनात फेरफार करायला बंदी घालणारं. एका तरुणाने ‘टायमिंग चेन ताणून घ्या’ असा सल्ला दिला. या इंजिनात कॅम फिरवायला चेन नसतेच, दातेरी चाकं असतात, हे कळल्यावरही त्याने सल्ला मागे घेतला नाही. ताई खिडकीतून म्हणाली, “मला तर पहिल्यापासून पैसे वाजताना ऐकू येतायत.”

शेवटी नाक्यावरचे मेस्त्री आले. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला. सायलेन्सरच्या जोडापाशी हात धरून पाहिला, कारण तिथून गॅस फुटली तरी हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक होते. मग म्हणाले, “कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एक टक आली तर आजार वरचा. फेरीगणिक आली तर खालचा, म्हणजे खर्चाचा.” हा आजार वरचा निघाला. भाच्याचा चेहरा उजळला.

इंजिन थंड होईपर्यंत चहा झाला. मेस्त्रींनी प्लग काढला, भोकावर भाच्याचा अंगठा ठेवला आणि किक हळू दाबली. “पिस्टन चार स्ट्रोकांत दोनदा वर येतो. दाबाने अंगठा उडाला, की तो वर येणं खरं. तेव्हा दोन्ही वॉल्व्ह पूर्ण मिटलेले असतात, टॅपेट तेव्हाच लावायचा. तू दुसऱ्या वेळी लावलास. तेव्हा दोन्ही वॉल्व्ह थोडे उघडे असतात आणि या कॅमने तर जास्तच. तिथे पुशरॉड मोकळा केलास, म्हणजे वॉल्व्ह मिटल्यावर केवढी फट राहणार?”

बाजूचं झाकण काढून त्यांनी दोन्ही पुशरॉड असे लावले की बोटांनी फिरावेत, पण वरखाली हलू नयेत. पुन्हा किक. टकटक गेली, बारीक टिकटिक राहिली. ती राहणारच, ते म्हणाले, हा कॅम वॉल्व्ह झटकन उचलतो आणि झटकन सोडतो. वाजवायचा नव्हता तर जुना काय वाईट होता?

आनंद झाला सगळ्यांना. फक्त भाचा हिरमुसला. “एवढा आवाज गेल्यावर कॅम बदललाय हे लोकांना कळणार कसं?” मग आशेने माझ्याकडे वळला. “मामा, तुला तरी काही फरक ऐकू येतोय ना?”

मी पतसंस्थेत हयात घालवलेला माणूस, आणि या कॅमसाठी घेतलेल्या कर्जाला जामीनही मीच. कान लावून ऐकलं. म्हटलं, “येतोय ना. दर महिन्याच्या पाच तारखेला.”