मोले नेग्रो आणि खारीचा वाटा

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील वाहाका या शहरात प्रवाशाला जे अनुभव विकत मिळतात, त्यांत पारंपरिक स्वयंपाकाचा अर्ध्या दिवसाचा वर्ग सर्वांत विलक्षण म्हटला पाहिजे. कारण ज्या कामासाठी जगभर आचाऱ्याला पैसे मोजावे लागतात, त्याच कामासाठी येथे काम करणारा स्वतः पैसे मोजतो आणि निघताना वर आभारही मानतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,550 मीटर उंचीवर वसलेले हे शहर आणि शेजारच्या डोंगरावरील मोन्ते आल्बान हे प्राचीन नगर यांना युनेस्कोने 1987 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि 2010 मध्ये मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेलाही अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. वारसा दुरून पाहावा, त्याला हात लावू नये, हा नियम दगडी इमारतींच्या बाबतीत पाळता येतो. स्वयंपाक म्हटला की मात्र प्रवाशाचे हात शिवशिवू लागतात. ही हौसही भागावी आणि वारशालाही धक्का लागू नये, या पेचातून वाहाकातील स्वयंपाकिणींनी काढलेला मार्ग म्हणजे हा वर्ग होय.

वर्गातील आठ-दहा विद्यार्थ्यांचे स्थूलमानाने तीन गट पाडता येतात. पहिला गट वही उघडून प्रत्येक चमच्याची नोंद करतो. दुसरा प्रत्येक पदार्थाचे छायाचित्र घेतो आणि त्या भरात पदार्थ हलवायचा विसरतो. तिसरा गट जाणकारांचा असून त्याला सर्व काही आधीपासूनच ठाऊक असते. पुण्या-मुंबईहून किंवा टेक्ससहून येणारे मराठी पाहुणे बहुधा या तिसऱ्या गटात मोडतात, कारण मिरची, शेंगदाणा, तीळ, लवंग आणि दालचिनी एकाच ताटात मांडलेली दिसली की या विषयात आपल्याला कोणी काही शिकवू शकेल, यावरचा त्यांचा विश्वास उडतो.

वर्गाचा प्रारंभ सहसा बाजारात होतो. वाहाका प्रांतातच जन्मलेले राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांच्या नावाचा एक बाजार, आणि 1910 च्या क्रांतीचा प्रारंभदिन नावात मिरवणारा ‘20 नोव्हेंबर’ हा दुसरा बाजार, असे दोन बाजार शहराच्या मध्यभागी समोरासमोर उभे आहेत. दुसऱ्यात तर कोळशावर मांस भाजणाऱ्या दुकानांची एक आख्खी गल्ली असून तेथून बाहेर पडणाऱ्याच्या कपड्यांना त्याने काय खाल्ले हे सांगावे लागत नाही. वर्ग घेणारी बाई, जिला सगळे आदराने ‘माएस्त्रा’ म्हणतात, पुढे चालत भाव करते आणि विद्यार्थी तिने घेतलेल्या टोमॅटो-कांद्यांच्या पिशव्या घेऊन मागून चालतात. प्रात्यक्षिकातला हा पहिला भाग ते इतक्या निष्ठेने पार पाडतात की त्याला हमाली म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही.

वाळलेल्या मिरच्यांच्या दुकानापाशी वहीवाल्यांची पहिली परीक्षा होते. मेक्सिकोत मिरची वाळली की तिचे नाव बदलते: पोब्लानो वाळली की आन्चो होते, मिरासोलची ग्वाहियो होते, आणि हालापेन्यो पिकवून धुरावर सुकवली की चिपोत्ले या नावाने ओळखली जाते. त्यामुळे दहा मिरच्या लिहून घेतल्याचे समाधान मिळते न मिळते तोच त्या प्रत्यक्षात पाचच असल्याचे कळते. पुढे टोपल्या घेऊन बसलेल्या बायका चापुलिनेस विकत असतात. चापुलिनेस म्हणजे लसूण, लिंबू आणि मीठ लावून भाजलेले नाकतोडे. जो चापुलिनेस खातो तो वाहाकात पुन्हा येतोच, अशी तेथे समजूत आहे, आणि शाकाहारी पाहुणे या समजुतीचा हवाला देऊन टोपलीपासून दूर राहतात; पुन्हा येण्याइतकी रजा शिल्लक नाही, असे कारण त्यांना ऐनवेळी सापडते.

स्वयंपाकघरात पोचल्यावर प्रत्येकाच्या गळ्यात एप्रन पडतो आणि मक्याकडे लक्ष वळते. मेक्सिकन स्वयंपाकाचा पाया असलेला हा मका नुसता दळून चालत नाही. पानाला लावतात तोच चुना पाण्यात मिसळून त्यात तो शिजवावा लागतो, रात्रभर भिजवावा लागतो आणि सकाळी चोळून धुवावा लागतो, म्हणजे त्याची साले सुटतात, पीठ चिकट होते आणि दाण्यात अडकून पडलेले नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. अशा मक्याला निश्तामाल म्हणतात. तीन हजार वर्षांहून जुनी असलेली ही प्रक्रिया हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, आणि नेमका तोच वर्गात कोणी करून पाहत नाही, कारण तो आदल्या रात्री, विद्यार्थी हॉटेलात झोपलेले असताना, उरकलेला असतो.

हा धडा बुडवणाऱ्यांत मात्र आजचे पर्यटक पहिले नव्हेत. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण चुन्याची कृती मेक्सिकोच्या बायकांकडेच राहिली; परिणामी ज्या भागांत गरिबांचे पोट केवळ मक्यावर भरू लागले, तेथे नायासिनच्या अभावाने पेलाग्रा हा रोग पसरला. त्वचेवर चट्टे उठणाऱ्या या रोगाचे वर्णन गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने 1735 मध्ये केले. पुढे उत्तर इटलीत आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने थैमान घातले. पदार्थ उचलून नेला आणि वर्गाला बसायचे राहिले, अशा पाहुण्यांची यादी करायची झाल्यास अग्रस्थानी एक अख्खे खंड ठेवावे लागेल.

धुतलेला मका वाटण्यासाठी जो दगड पुढे येतो त्याला मेताते म्हणतात. ज्वालामुखीच्या काळ्या दगडातून कोरलेला हा तीन पायांचा पाटा वाटणाऱ्याच्या बाजूने उंच आणि पुढे उतरता असतो, आणि त्यावर दोन्ही हातांनी धरायचा लांबट वरवंटा चालवावा लागतो. आसपासच्या झापोतेक गावांत नववधूला नक्षीदार मेताते भेट देण्याची रीत आहे, आणि गिरण्या येण्यापूर्वी घरच्या बाईचे दिवसातले कित्येक तास त्याच्यासमोर गुडघे टेकून जात असत, हे माएस्त्रा शांतपणे सांगते. मग विद्यार्थी गुडघे टेकतो. पहिले काही फेरे झोकात जातात. त्यानंतर पीठ पुढे उतरण्याऐवजी दोन्ही कडांनी ओघळू लागते, पहिल्या मिनिटाला मनगटे, दुसऱ्याला खांदे आणि तिसऱ्याला गुडघे आपापले म्हणणे मांडू लागतात, आणि वरून माएस्त्राचे ‘मास फिनो’, म्हणजे आणखी बारीक, हे दोनच शब्द ठरावीक अंतराने येत राहतात. मूठभर मक्याचे जाडेभरडे पीठ झाले की टाळ्या होतात, छायाचित्र निघते आणि पुढचा विद्यार्थी गुडघे टेकतो. उरलेले पीठ तोपर्यंत कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आलेले असते. शहरातील बहुतेक घरे निश्तामाल गिरणीतच नेतात. इतकेच काय, मिना रस्त्यावरच्या गिरण्यांत कोको, बदाम, दालचिनी आणि साखर गिऱ्हाइकाने सांगितलेल्या प्रमाणात दळून चॉकलेटही करून मिळते. पाट्यापुढे बसण्याचा योग त्यामुळे पुष्कळदा त्या एकट्यालाच येतो, ज्याने त्यासाठी विमानाचे तिकीट काढलेले असते.

तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीच्या, वेळी हीच कथा निराळ्या अंगाने घडते. पिठाचा गोळा प्लॅस्टिकच्या दोन कागदांत ठेवून लाकडी दाबयंत्रात दाबला की गोल चकती तयार होते, इथवर कोणाचेच काही बिघडत नाही. पण ती कागदावरून तळहातावर आणि तळहातावरून कोमालवर, म्हणजे चिकटू नये म्हणून चुन्याची निवळी फासलेल्या मातीच्या तव्यावर, एकाच झोकात सोडायची असते. नवख्याची तोर्तिया अर्धी तव्यावर पोचते आणि अर्धी बोटांना लटकून राहते, आणि दोन्ही भाग वाचवण्याच्या प्रयत्नात बोटे तव्याला लागतात. माएस्त्रा काही न बोलता ती सरळ करते, एकदा उलटते, पुन्हा उलटते, बोटाने हलकेच दाबते आणि ती टम्म फुगते. ताडपत्रांच्या टोपलीत फुगलेल्या तोर्तिया वर आणि फाटलेल्या तळाशी जातात. जेवणाच्या वेळी वरची प्रत्येक तोर्तिया आपण केल्याचे प्रत्येकाला आठवते आणि तळाच्या तोर्तियांचे पितृत्व कोणीही स्वीकारत नाही.

वर्गाचा मुकुटमणी म्हणजे मोले नेग्रो. मोले हा दाट वाटणाचा रस्सा असून वाहाकात त्याचे सात प्रकार मानले जातात: काळा, तांबडा, कोलोरादितो, पिवळा, हिरवा, चिचिलो आणि मान्चामान्तेलेस, ज्याच्या नावातच टेबलावरच्या कापडाला डाग पाडण्याचे आश्वासन आहे. यांतला काळा लग्नकार्याला आणि नोव्हेंबरच्या आरंभी मृतात्म्यांच्या सणाला लागतो. महागडी चिलवाक्ले आणि इतर वाळलेल्या मिरच्या, बदाम, शेंगदाणे, तीळ, मनुका, पिकलेले राजेळीसारखे केळे, टोमॅटो, पाव, लवंग, मिरे, दालचिनी, अ‍ॅव्होकॅडोची पाने आणि शेवटी चॉकलेट, अशी त्याची यादी तिसाच्या घरात जाते. यांपैकी प्रत्येक वस्तू वेगळी भाजावी किंवा तळावी लागते, आणि मिरच्यांचे बी तर एका तोर्तियासह कोळसा होईपर्यंत जाळून, पाण्यातून काढून मग वाटणात घालतात.

हे बी जळू लागले की स्वयंपाकघरात असा खकाणा उठतो की सगळे विद्यार्थी एकाच वेळी अंगणात जमतात. वहीवाले वही विसरतात, छायाचित्रकारांना डोळ्यांतल्या पाण्यामुळे काही दिसत नाही, आणि जाणकारांचा ठसका इतरांपेक्षा थोडा दबका असतो, एवढाच काय तो फरक. आत माएस्त्रा आणि तिच्या दोन मदतनीस शांतपणे बी हलवत असतात. घरच्या पद्धतीने दोन-तीन दिवस चालणारे हे काम चार-पाच तासांत कसे आटोपते, याचे रहस्य या मदतनीस बायकांत आहे: मिरच्या साफ करणे, कोंबडीचे पाणी उकळून ठेवणे, वाटण मातीच्या पसरट भांड्यात चरबीवर परतत राहणे, ही सारी कामे त्यांनी विद्यार्थ्यांच्या पाठीमागे केलेली असतात. मोले सतत ढवळावा लागतो, म्हणून मोठा लाकडी चमचा प्रत्येकाच्या हाती आळीपाळीने दिला जातो, आणि कोणी फार वेळ धरला तर तो हळूच काढूनही घेतला जातो.

मराठी पाहुण्याची खरी निराशा जेवताना होते. एवढ्या मिरच्या पडलेल्या पाहून तो मनोमन कोल्हापूर-खानदेशची बाजू लढवायला सज्ज झालेला असतो. पण मोले नेग्रो जिभेवर येतो तो धुराच्या, किंचित कडवट, किंचित गोड चवीने, आणि तिखटपणा जवळपास नसतोच. मिरची येथे रंगासाठी, दाटपणासाठी आणि वासासाठी वापरलेली असते. त्यामुळे शौर्य गाजवण्याची संधीच मिळत नाही आणि सोबत आणलेला पराक्रम तसाच परत न्यावा लागतो. पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात गोव्याकडून हीच मिरची भारतात आली तेव्हा तिच्याबरोबरही कृतीचा कागद नव्हता. भारतीयांनी तिखटपणा तेवढा उचलला आणि बाकीचे गुण दुर्लक्षिले, हे या टेबलापाशी प्रथमच ध्यानात येते. शाकाहारी पाहुण्याने आधी सांगून ठेवले असल्यास त्याचा मोले चरबीऐवजी तेलात आणि कोंबडीच्या पाण्याऐवजी भाज्यांच्या पाण्यात करून मिळतो. आधी सांगितले नसल्यास मात्र राजम्यातही चरबी निघते आणि त्याला तोर्तियांवर दिवस काढावा लागतो.

निघताना प्रत्येकाला छापील कृती मिळते. घरी परतल्यावर चिलवाक्लेच्या जागी बेडगी आणि वाहाकाच्या रवाळ चॉकलेटच्या जागी मुलांची कॅडबरी घालून जे तयार होते, त्याला मोले म्हणण्यास मेक्सिकोची हरकत असेल, पण ती ऐकायला तेथे कोणी नसते. मूळच्या ब्रिटिश असलेल्या पाककृती-लेखिका डायना केनेडी 1957 मध्ये मेक्सिकोत आल्या, खेडोपाडी फिरून स्वयंपाकिणींकडून शिकत राहिल्या आणि 2022 मध्ये वयाच्या 99 व्या वर्षी निवर्तल्या; त्यांचे पहिले पुस्तक 1972 साली आले आणि केवळ वाहाकावरचे पुस्तक 2010 साली. हा हिशेब पाहता अर्ध्या दिवसाच्या विद्यार्थ्याने स्वतःकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

तरीही या वर्गाची फी वाया जात नाही, असाच निर्वाळा द्यावा लागतो. स्वयंपाक बिघडणार नाही एवढाच विद्यार्थ्याचा हात त्याला लागू दिला जातो, आणि त्या खारीच्या वाट्यावरून उरलेला सेतू कोणी बांधला याचा अंदाज त्याला येतो. पुस्तक वाचून तो येत नाही, त्यासाठी मेतातेसमोर गुडघे टेकावेच लागतात. जाणाऱ्याने सकाळी न्याहारी करू नये, जुना सदरा घालावा, आपल्या पथ्याची कल्पना आदल्या दिवशी द्यावी, मदतनीस बायकांना विसरू नये, आणि परतीचे विमान शक्यतो एक दिवस पुढे ठेवून वाटीभर मोले मागून घ्यावा. कारण मोले दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो, आणि वर्ग एकाच दिवसाचा असतो.