पेपर बापाचे, नोकरी पिल्लाची

अंबरनाथ एमआयडीसीतल्या कारखानदाराला हल्ली गेटवर बेल्जियन मॅलिनॉय हवासा वाटतो. कारण उघड आहे. २०११ मध्ये अबोटाबादला लादेनच्या घरात शिरलेल्या अमेरिकी पथकाबरोबर ‘कैरो’ नावाचा मॅलिनॉय होता. आपल्या एनएसजीकडे आणि सीआरपीएफकडेही ही जात आहे. भिंतीवरून उड्या मारणाऱ्या मॅलिनॉयचे व्हिडिओ तर प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात. पिल्लू दाखवणारा केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, पेपर पुढे करतो, त्यावर तीन पिढ्यांची नावं असतात. ‘साहेब, बाप इम्पोर्टेड, वर्किंग लाइन आहे, ड्राइव्ह बघा.’ तेवढ्यात पिल्लू एखादं फडकं दातात धरून झटके देतं आणि साहेबांचा निर्णय होऊन जातो.

ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. कामाच्या कुत्र्याचं मात्र जरूर विचारावं, आणि नीट विचारावं. आपण विचारतो ते अर्धंच.

नावापुढचा किताब आधी बघा. ‘चॅम्पियन’ हा किताब डॉग शोच्या रिंगणात मिळतो. तिथे कान, दात, पाठीची रेषा आणि चाल बघतात. गोळीचा आवाज ऐकून कुत्रा मालकामागे लपतो की जागेवर उभा राहतो, याचं उत्तर त्या किताबात नाही. आयजीपी असं लिहिलं असेल, तर त्या कुत्र्याने माग काढणं, आज्ञा पाळणं आणि संरक्षण अशी तिन्ही अंगांची परीक्षा दिली आहे, आणि मग त्या कागदाला वजन आहे. १८९९ मध्ये जर्मन शेफर्डची वंशनोंद सुरू करणाऱ्या माक्स फॉन स्टेफानिट्झचा आग्रह कामाचाच होता. पुढे त्याच जातीत शोच्या आणि कामाच्या अशा दोन वेगळ्या ओळी पडल्या, आणि आज त्यांतली कुत्री शेजारी उभी केली तर सावत्र भावंडंही वाटत नाहीत. हॉलंडमध्ये १९०७ पासून केएनपीव्ही ही पोलीस कुत्र्यांची संस्था आहे. तिच्या परीक्षेतून बाहेर पडणाऱ्या कितीतरी कुत्र्यांकडे जातीचा अधिकृत दाखलाच नसतो, कारण ती संकरित असतात. तरी देशोदेशीचे पोलीस त्यांना मागणी करतात. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी काय करून दाखवलं हे तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या ध्यानात ठेवतात. खरी वंशावळ ती. विकणाऱ्याला एकच प्रश्न टाका: ‘याची आई काम करताना दाखवता का?’ बाप बहुधा फोटोत असतो. आई जवळ असायला हवी. ती अनोळखी माणसाला बघून कोपऱ्यात सरकत असेल तर उठा आणि घरी जा.

आनुवंशिकता खोटी, असं मी म्हणत नाही. मुंबई पोलिसांचा झंजीर आठवा. पुण्यात शिकून तयार झालेला हा लॅब्रॅडॉर. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याच्या नाकाने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. लॅब्रॅडॉर या कामाला का चालतो, याचा एक धागा केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये सापडला. भुकेशी संबंधित पीओएमसी नावाच्या जनुकातला एक तुकडा साधारण दर चार लॅब्रॅडॉरांपैकी एकात गळालेला असतो. अशा कुत्र्याला खाण्याची ओढ जास्त असते. अपंगांना मदत करण्यासाठी निवडलेल्या ८१ लॅब्रॅडॉरांत मात्र हे प्रमाण ७६ टक्के निघालं. खाऊच्या आशेने चटकन शिकणारी कुत्री माणूस वर्षानुवर्षं निवडत गेला आणि नकळत जनुकातला हा बदलही निवडत गेला असावा. रक्तातून उतरतं ते असं. शौर्य आयतं उतरत नाही. हावरेपणा, चिकाटी, फेकलेल्या वस्तूमागे धावायची ओढ, आवाजाला दचकणं किंवा न दचकणं असे सुटे भाग उतरतात, तेही एका वेताच्या आठ पिल्लांत आठ तऱ्हांनी. ते भाग जोडून कुत्रा घडवायचा तो माणसानेच.

आता त्या फडक्याकडे या. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, या भरवशावर पिल्लांच्या चाचण्या घेतल्या जातात. स्वीडनमध्ये विल्सन आणि सुंडग्रेन यांनी ६३० जर्मन शेफर्ड पिल्लांची आठव्या आठवड्यात चाचणी घेतली आणि मोठेपणीच्या कामगिरीशी ती ताडून पाहिली. १९९८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: दोन्हींचा मेळ नगण्य, सेवेसाठी कुत्रा निवडायला ही चाचणी उपयोगाची नाही. ज्यांचा कुत्र्यांवर हात बसलेला आहे, त्यांचं हे म्हणणं. मग तासाभराच्या भेटीत ‘ड्राइव्ह’, म्हणजे कामाची ओढ, ओळखणारे आपण कोण लागून गेलो?

गेटवर ‘रागीट जात’ मागणाऱ्यांनी आणखी एक आकडा ऐकून ठेवावा. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीने समजावता आला. माणसाचं ऐकण्याच्या बाबतीत जात थोडंफार सांगते. कुत्रा किती लवकर चिडेल, याबद्दल ती जवळपास काहीच सांगत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले जातात, नेमका तोच गुण जातीच्या नावावरून कळत नाही. आईबापांची परीक्षा पाहिलेली असली तर अंदाज सुधारतो, आणि तरीही तो अंदाजच राहतो.

अंदाज बिघडतो कुठे, तर पहिल्या आठवड्यांत. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या डोक्यात जग भरलं जातं. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी दीर्घ प्रयोगांतून हे दाखवलं, त्यांचं पुस्तक १९६५ चं आहे. आपल्या २०१७ च्या श्वान-पैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते. आठ आठवडे आईपाशी राहणं पिल्लाच्या भल्याचंच आहे. पण म्हणूनच त्या काळात ते कुठे होतं हे महत्त्वाचं. एखाद्या फ्लॅटच्या बंद बाल्कनीत किंवा दुकानाच्या पिंजऱ्यात ते वाढलं असेल, तर एमआयडीसीतल्या गेटवर त्याचं काय होणार? शिफ्टचा भोंगा, बॉयलरची सुटणारी वाफ, रिव्हर्स घेणारा टँकर, फोर्कलिफ्टचे दाते, हेल्मेट आणि मास्कमागे चेहरा झाकलेली माणसं, नाकाला झोंबणारे सॉल्व्हंटचे वास. बापाने युरोपात किताब मिळवला असला तरी या सगळ्याची ओळख पिल्लालाच करून द्यावी लागते, आणि ती आठव्या ते बाराव्या आठवड्यात रोज, हळूहळू, खाऊ हातात घेऊन.

ती करून देणार कोण? इथे माझा खरा राग आहे. पिल्लू आणलं जातं ते सिक्युरिटी केबिनच्या मागे बांधायला. केबिनमधला माणूस कंत्राटी, बारा तास ड्यूटी, आज हा तर पुढच्या महिन्यात दुसरा. त्याला कुत्र्याची भीती वाटली तर त्याचा दोष नाही; त्याला कुणी विचारलेलं नसतं. कामाच्या रक्ताचं जनावर दीड मीटरच्या साखळीवर दिवसभर एकाच जागी घिरट्या घालतं, स्वतःचं शेपूट चावतं, जाणाऱ्या प्रत्येक चाकावर झेपावतं. मालक म्हणतो, काय तेज आहे बघा! ते तेज नव्हे, कोंडमारा आहे. एक दिवस साखळी तुटते आणि चावा बसतो तो हेल्परला किंवा डबा घेऊन आलेल्या मुलाला. मग ‘जात खराब निघाली’ म्हणून त्याच कुत्र्याला बदलापूरच्या पुढे कुठेतरी सोडून येतात. जात खराब नव्हती. तिला जे हवं होतं त्यातलं काहीही दिलं गेलं नाही.

आयटीबीपी हरियाणात भानूच्या केंद्रात स्वतःच मॅलिनॉयची पैदास करते. तिथे आईबाप दोघंही माहितीतले असतात. म्हणून कुणी तिथे प्रशिक्षण वगळत नाही, आणि माणूस जोडून दिल्याशिवाय कुत्रा कामावर जात नाही. ज्यांच्याकडे उत्तम वंशावळ आहे, ते एकट्या तिच्यावर विसंबत नाहीत. आपण मात्र नुसत्या कागदावर निर्धास्त होतो.

चोरीची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. तिच्यावर कॅमेरा, दिवे, नीट पगाराचा रखवालदार हे उपाय आहेत. आणि वस्तीतल्या कुत्र्यांकडेही एकदा बघा. ती इथेच भोंग्याच्या आवाजात जन्मली आहेत, अनोळखी माणूस दिसताच भुंकतात, आणि राखणीच्या कुत्र्याकडून आपल्याला बहुतेक वेळा भुंकणंच हवं असतं. त्यांची नसबंदी आणि रेबीजची लस यांचा खर्च कारखान्याने उचलावा.

एवढं करूनही मॅलिनॉय हवाच असेल, तर कारखानदारांनो, आधी त्याच्यासाठी एक कायमचा माणूस नेमा. त्याला शिकवा, रोजचे दोन तास फक्त कुत्र्यासाठी मोकळे ठेवा, आणि मग त्यालाच बरोबर घेऊन पिल्लाची आई बघायला जा. हे जमणार नसेल तर पिल्लू आणू नका.