प्रकाशोपासक

महाराष्ट्रातील प्रत्येक आळीत, आणि आळ्या मोडून जेथे गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या तेथे प्रत्येक संस्थेच्या आवारात, एक तरी असा गृहस्थ हटकून आढळतो की, ज्याचे सरकारशी, शेजाऱ्यांशी, फार काय, सासुरवाडीशीही वैर नसते. त्याची या संसाराविरुद्ध एकच फिर्याद असते, आणि ती म्हणजे आपल्या मोटारसायकलच्या हेडलाईटविषयी. ‘लाईटच पडत नाही हो,’ हे वाक्य तो इतक्या व्याकुळतेने उच्चारतो की, हा रोज मध्यरात्री डाकेच्या थैल्या घेऊन वरंधा घाटाने महाडास उतरत असावा, असा ऐकणाऱ्याचा समज व्हावा. वस्तुतः त्याची कचेरी घरापासून दीड कोसावर, तिची वेळ दहा ते साडेपाच, आणि वाटेत नगरपालिकेचे दिवे इतके लख्ख की, त्यांच्याखाली लग्नपत्रिकेतील बारीक अक्षरांतली नावेही वाचून व्हावीत. परंतु प्रकाशोपासकाची नजर या नित्याच्या रस्त्यावर नसतेच. जिच्या रात्री त्याला एकट्याने ताम्हिणी घाट ओलांडावा लागणार आहे, अशा एका संभाव्य अमावास्येवर ती कायमची खिळलेली असते.

त्याचे दुःख सर्वस्वी काल्पनिक आहे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. जुन्या राजदूतच्या सहा व्होल्टी पिवळट उजेडात खड्डा दिसे तो बहुधा चाक त्यात उतरल्यानंतर. आणि पुढे बारा व्होल्टांचे राज्य आले तरी कित्येक शंभर सी.सी.च्या गाड्यांत हेडलाईटची रसद बॅटरीकडून न येता इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोच्या कॉइलकडून परस्पर येत असल्यामुळे, वळणावर वेग कमी करताच, म्हणजे उजेडाची निकड जेथे सर्वाधिक नेमक्या त्याच ठिकाणी, दिवा मान टाकी. या एका उणिवेतून प्रकाशोपासकांच्या किमान दोन पिढ्या निपजल्या आहेत.

या पंथाची दीक्षा बल्बापासून सुरू होते. रविवारी सकाळी नाना पेठेतून १००/९० वॅटचा बल्ब पैदा करून कंपनीच्या ६०/५५ वॅटच्या बल्बास बडतर्फ करण्यात येते. ६० वॅटचा बल्ब बारा व्होल्टांवर पाच अँपिअर मागतो आणि १०० वॅटचा आठांहून अधिक, ही बाब प्रकाशोपासकास ठाऊक नसते असे नाही. परंतु तो वाढीव बोजा त्याच जुन्या बारीक तारांनी व त्याच बिचाऱ्या अपर-डिपरच्या बटणाने वाहावा, अशी त्याची अपेक्षा असते. यथावकाश होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा चकचकीत मुलामा काळवंडतो, आणि एवढे सगळे होऊनही उजेड म्हणावा तसा वाढत नाही. कारण सरकारी तगाईप्रमाणे विजेचाही बराचसा हिस्सा वाटेतच खर्ची पडतो, आणि बल्बाशी पोहोचेपर्यंत व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर उजेडात सुमारे तीस टक्क्यांची खोट येते. बॅटरीपासून थेट जाड तार, मध्ये फ्यूज व एक रिले, आणि गंज खरवडून केलेले चोख अर्थिंग एवढ्यावर हे प्रकरण निकालात निघू शकते. पण ते काम टाकीखाली दडून राहते, शेजाऱ्यास दिसत नाही, आणि जे शेजाऱ्यास दिसत नाही ते प्रकाशोपासकाच्या मते झालेलेच नसते.

म्हणून तो एल.ई.डी.कडे वळतो. जुन्या हेडलाईटचा रिफ्लेक्टर इवल्याशा फिलामेंटच्या नेमक्या जागेचा हिशेब धरून घडविलेला असतो; त्या जागी भलत्याच आकाराचा दिवा आणून बसविला की तो सारा हिशेब कोलमडतो, आणि जो प्रकाश रस्त्यावर पडावयाचा तो आंब्याच्या शेंड्यावर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत व समोरून येणाऱ्या निरपराध सायकलस्वाराच्या डोळ्यांत विभागून जातो. प्रकाशोपासक तो आंब्याचा शेंडा पाहूनच कृतार्थ होतो.

फोकस लावण्याचा विधी रात्री जेवणाआधी पार पडतो. संस्थेच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी केली जाते, भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढली जाते, आणि गाडीवर भार असल्याखेरीज फोकस खरा कळत नाही, या शास्त्रशुद्ध कारणास्तव धर्मपत्नीस सीटवर बसविण्यात येते.

‘अहो, उतरू का आता? कणीक वाळतेय माझी.’

‘थांब गं, डिपर झाला, अपर राहिलाय.’

तेवढ्यात वरून निवृत्त अव्वल कारकुनांचा आवाज येतो: ‘अहो, माझ्या माजघरातल्या कॅलेंडरवरची चतुर्थी दिसायला लागली इथून! बंद करा ते!’ दुसऱ्या दिवशी त्यांचा रीतसर अर्ज संस्थेच्या दप्तरी दाखल होतो, आणि प्रकाशोपासक त्यास आपल्या यशाचे प्रशस्तिपत्र समजतो.

यापुढील पायरी जादा दिव्यांची. क्रॅशगार्डवर एक जोडी, ती थकल्यास दुसरी, आणि बुलेट असल्यास हेडलाईटच्या दोन्ही अंगांस असलेल्या त्या चिमुकल्या टायगर लॅम्पांतही काही भरता येईल काय, याचा विचार सुरू. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारांवर प्रसन्न नाही, याची जाणीव असल्यामुळे तो या सर्वांचे एक गुप्त बटण सीटखाली ठेवतो, आणि चौकात हवालदार दिसताच इतक्या भाविकपणे मांडीखाली हात घालतो की, हवालदारास त्याच्या मूळव्याधीची कीव यावी.

इतक्या साधनेनंतर तो रात्रीच्या प्रवासास निघतो काय? निघत नाही. ‘रात्रीचं कशाला? समोरचे लोक डिपर देत नाहीत हो, काही दिसत नाही,’ असे सांगून तो गावी जायला पहाटेची एस.टी. धरतो.

१ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडील नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, आणि तो मालवण्याचे बटणच कंपनी देत नाही. प्रकाशोपासकाने अशी नवी गाडी घेतली. वाढीव उजेडाच्या सर्व योजना तहकूब ठेवून, पहिल्याच रविवारी नाना पेठेत जाऊन त्याने हेडलाईट बंद करण्याचे बटण आणले व बसविले.