फुकट इंटरनेट : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

जुन्या शास्त्रग्रंथांत सिद्धांत सांगण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, सविस्तर मांडून मग त्याचे खंडन करण्याचा प्रघात असे आणि पूर्वपक्ष करणाऱ्याचे नाव बहुधा सांगितले जात नसे. इंटरनेटच्या दरांवरून भारतात २०१५-१६ मध्ये जे रण माजले, त्याला हीच पद्धत शोभते. येथे पूर्वपक्ष एका दूरसंचार कंपनीचा विक्री अधिकारी मांडतो, उत्तरपक्ष वीज मंडळातून निवृत्त झालेल्या मीटर रीडरकडे आहे आणि एक प्राध्यापक कोणी न विचारता संज्ञांच्या व्याख्या पुरवतो. स्थळ रिचार्जचे दुकान, काळ जानेवारी २०१६. तिघेही स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करतात. अधिकाऱ्याला तसे प्रशिक्षण आहे, प्राध्यापकाला तशी सवय आहे आणि मीटर रीडर त्या दोघांची फिरकी घेत आहे.

विक्री अधिकारी : काका, ग्राहकाच्या हितासाठी अशी योजना आखली आहे, की कंपनीने निवडलेली काही संकेतस्थळे पाहिल्यास डेटा खर्ची पडणार नाही, उरलेल्या इंटरनेटला नेहमीचा दर लागेल आणि इंटरनेटवरून फोन करायचे असल्यास तेवढ्यापुरता वेगळा पॅक मारावा लागेल.

मीटर रीडर : म्हणजे कॅनडातल्या मुलीशी बोलता यावे म्हणून ज्याने फोन घेतला, त्याला बोलण्याचे पैसे पडतील आणि जी संकेतस्थळे त्याने जन्मात उघडली नसती, ती मात्र फुकट मिळतील.

प्राध्यापक : पहिल्या प्रकाराला झिरो रेटिंग, म्हणजे निवडक मजकुराला शून्य दर लावणे, असे म्हणतात, दुसरा प्रकार एअरटेलने डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर केला आणि गदारोळ होताच काही दिवसांत गुंडाळला. दोहोंच्या आड येणारे तत्त्व म्हणजे नेट न्यूट्रॅलिटी : जाळे चालवणाऱ्याने त्यातून जाणारा मजकूर कोणाचा आणि कशाचा आहे हे पाहून दरात वा वेगात भेदभाव करू नये. ही संज्ञा अमेरिकेतील कायद्याचे अभ्यासक टिम वू यांनी २००३ मध्ये रूढ केली.

मीटर रीडर : यात नवे काय? युनिट पंख्यात गेले की मिक्सरमध्ये, हे वीज मंडळाच्या मीटरने ग्राहकाला कधीच विचारले नाही.

विक्री अधिकारी (विजयी मुद्रेने) : मग घरगुती, वाणिज्यिक आणि कृषिपंप यांचे दर वेगवेगळे कसे?

येथे मीटर रीडर थोडा वेळ गप्प बसतो, आणि त्याने बसावे हे योग्यच आहे, कारण विजेची उपमा या वादात सर्रास दिली जाते आणि ती देणाऱ्यांनी स्वतःचे वीजबिल उलटून पाहिलेले असतेच असे नाही.

मीटर रीडर : वेगवेगळे आहेत, पण ते ग्राहकाच्या वर्गाप्रमाणे आहेत, वीज नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणी होऊन ठरतात, आणि अमुक कंपनीचा पंखा लावल्यास युनिट माफ, तमुक कंपनीचा लावल्यास दीडपट, असा रकाना बिलावर अजून तरी छापलेला नाही. शिवाय मीटरला घरातले दिसत नाही. साहेबांच्या मीटरला ते कसे दिसते?

विक्री अधिकारी : ती तांत्रिक बाब आहे.

प्राध्यापक : इंटरनेटवरचा मजकूर पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत विभागून जातो आणि प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो; तो वाचून हिशेब वेगळा ठेवता येतो. नुसत्या पत्त्यावर भागत नसेल तेव्हा पॅकेटच्या आतही डोकावतात. त्याला डीप पॅकेट इन्स्पेक्शन म्हणतात.

मीटर रीडर : म्हणजे फुकट काय द्यायचे हे ठरवण्यासाठी आधी सगळेच पाहावे लागते.

विक्री अधिकारी : काका, शहरातल्या माणसाला हे बोलणे परवडते. फेसबुकच्या फ्री बेसिक्स या अशाच निवडक संकेतस्थळे फुकट देणाऱ्या योजनेची बाजू मांडताना खुद्द फेसबुकचे प्रमुख झुकेरबर्ग यांनी गेल्याच महिन्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला, ज्याला हवामान आणि बाजारभाव फुकट कळू लागले. काहीच नसण्यापेक्षा थोडे असलेले काय वाईट?

हा युक्तिवाद पोकळ नाही आणि पूर्वपक्षाचा सगळा जीव त्यातच आहे.

मीटर रीडर : वाईट काहीच नाही. पण शेतकऱ्याचा इतका कळवळा असेल तर त्याला महिन्याला शंभर एमबी फुकट द्या आणि कुठे जायचे ते त्याचे त्याला ठरवू द्या. हवामान बघेल, नाहीतर तमाशा बघेल.

विक्री अधिकारी : तमाशाचा खर्च कंपनीने का सोसावा? शिवाय योजनेला पाठिंबा देणारे लाखो ईमेल ट्रायकडे गेले आहेत.

प्राध्यापक : ट्राय म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्याने अशा वेगवेगळ्या दरांविषयी चार प्रश्न विचारले होते आणि आयत्या मजकुराच्या त्या ईमेलांत त्यांची उत्तरेच नाहीत, अशी तक्रार खुद्द ट्रायने केली आहे.

मीटर रीडर : परीक्षेत असे केल्यास प्राध्यापक किती गुण देतात?

प्राध्यापक : हल्ली उत्तीर्ण करावे लागते.

ट्रायने मात्र केले नाही. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी त्याने मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली, उल्लंघनाला दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठेवला आणि आणीबाणीच्या प्रसंगापुरती सूट दिली. जास्त डेटाला जास्त पैसे, ही पायरी कायम राहिली, कारण तेथे कंपनी माप पाहते, माल पाहत नाही. वेग आणि अडवणूक यांविषयीचे नियम २०१८ मध्ये परवान्यांतच घातले गेले. गावांत महिन्याला शंभर एमबी फुकट द्यावेत अशी शिफारस ट्रायनेच २०१६ च्या डिसेंबरात केली. मीटर रीडर तिचे श्रेय घेत असतो, पण त्याला पुरावा नाही.

काळ २०२३. दुकान तेच, अधिकारी बढती मिळालेला.

विक्री अधिकारी : कंपनीला आता ग्राहकाकडून काहीच नको. व्हिडिओ दाखवणाऱ्या बड्या कंपन्या जाळ्यावर भार टाकतात, तेव्हा जाळ्याच्या खर्चातला रास्त वाटा त्यांनी उचलावा.

मीटर रीडर : भार त्या टाकतात की व्हिडिओ मागवणारा ग्राहक? आणि ग्राहकाने रिचार्ज मारला, तो कशाचा?

विक्री अधिकारी : तो सिम चालू ठेवण्याचा.

प्राध्यापक : याला व्हॅलिडिटी म्हणतात, जी साधारणतः २८ दिवसांची असते, कारण कंपनीच्या पंचांगात—

मीटर रीडर : वर्षाला तेरा महिने असतात. मारा साहेब, २८ दिवसांचा.