डोक्याचा ठावठिकाणा

6 जुलै 1897 च्या ‘केसरी’त लोकमान्य टिळकांनी सरकारला पाच शब्दांचा सरळ प्रश्न विचारला : सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय? त्याला सव्वाशे वर्षे उलटून गेली. दर पुण्यतिथीला वक्ते हा मथळा खड्या आवाजात म्हणतात, सभागृह टाळ्या वाजवते, पण प्रश्न तसाच पडून आहे. होय किंवा नाही, एवढेच तर लिहायचे होते!

समजा, सरकारने तेव्हाच उत्तर द्यायचे मनावर घेतले असते. देशी वृत्तपत्रांत काय छापून येते याचा गोषवारा मुंबई सरकार दर आठवड्याला करून घेतच असे. तेव्हा मथळा गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या मेजावर पोचायला अडचण नव्हती. साहेबांनी शेरा मारला असता, ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’, आणि कमिशन बसले असते.

कमिशन पहिल्याच बैठकीत अडले असते, कारण मुळात ठिकाण कोणते धरायचे? गव्हर्नरांचा मुक्काम हिवाळ्यात मुंबईला मलबार पॉइंटवर, उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्याला गणेशखिंडीत. त्यांच्या वरचे व्हाइसरॉय थंडीत कलकत्त्याला, ऊन तापू लागले की सिमल्याला. या दोघांच्या वरचे भारतमंत्री लंडनला. ते मात्र हलत नसत, कारण तिकडे उन्हाळा म्हणावा असा उन्हाळाच नसतो. म्हणजे डोके ठिकाणावर आहे हे सिद्ध करायचे तर आधी कोणत्या महिन्यातले डोके ते ठरवायला हवे.

साक्षी निघाल्या असत्या. महाबळेश्वरच्या वाटेवरच्या वाठार स्टेशनावरचा टांगेवाला सांगता, “सायेब, डोकं वर गेलं का न्हाई ते म्या काय बघितलं न्हाई. पेटारं गेलं, बावर्ची गेला, कुत्री गेली.” गणेशखिंडीचा माळी म्हणता, “येतं की पावसाळ्यात. पण छत्रीखाली असतं, नीट दिसत नाही.” झडतीसाठी माणसे शोधायची गरज नव्हती. प्लेगच्या नावाखाली त्याच वर्षी गोऱ्या सोजिरांनी पुण्याची माजघरे आणि देवघरे धुंडाळली होती. त्या कामात त्यांचा हात चांगला बसला होता. पण डोके पेठांत नव्हतेच. असलेच तर बंगल्यांत, आणि बंगल्याच्या फाटकाशी सोजिरालाही आधी चिठ्ठी आत पाठवावी लागते.

प्रत्यक्षात यातले काही झाले नाही. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली आणि सरकारने अख्ख्या शहराला दरडावायला घेतले, म्हणून तर टिळकांनी हे विचारले होते. सरकारने डोके शोधण्याऐवजी प्रश्न विचारणारा शोधला. तो सापडायला सोपा होता. अंकावर पत्ता छापलेला असतो. 27 जुलैला टिळकांना अटक झाली. खटला मात्र या मथळ्यावर चाललाच नाही. तो चालला 15 जूनच्या अंकावर, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेल्या एका कवितेवर आणि शिवोत्सवातल्या भाषणांच्या वृत्तांतावर. डोक्याची चौकशी टाळायला कविता उपयोगी पडते, हा शोध साहित्याच्या इतिहासात नोंदवायला हवा.

राजद्रोहाच्या या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला समजावले की सरकारविषयी प्रेम नसणे हीच अप्रीती. सहा युरोपियन ज्यूररांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष, आणि टिळकांना 18 महिने सक्तमजुरी झाली.

आता हा निवाडा महसूल खात्याने अक्षरशः अमलात आणला असता तर? प्रेम नसणे हा गुन्हा, तर प्रेम असल्याची नोंद कुठेतरी हवीच. मामलेदार कचेरीत नवे रजिस्टर उघडले जाते. सारा भरायला आलेल्या कुणब्याने आधी प्रेम भरायचे, मग सारा. तलाठी गावोगाव फिरून प्रेमाची आणेवारी काढतो : ‘मौजे अमुक, पाऊस बेताचा, प्रेम सात आणे.’ सहा आण्यांच्या खाली गेले की गावकरी सूट मागायला अर्ज घेऊन उभे. सर्कल इन्स्पेक्टर तपासायला येतो आणि पाटलाकडे जेवून प्रेम दोन आण्यांनी वाढवून जातो.

‘केसरी’चे बाकीचे मथळेही कोणी मनावर घेतले नाहीत. ‘प्रिन्सिपॉल, शिशुपाल की पशुपाल?’ या मथळ्यावर शिक्षणखात्याला काम सोपे होते. एक छापील फॉर्म, तीन पर्याय, खाली तळटीप : ‘लागू नसेल ते खोडावे.’ ‘टोणग्याचे आचळ’ वाचून परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाला पत्र गेले असते, आणि वर्षअखेरीचा प्रगती-अहवालही आला असता : टोणगा प्राप्त, बादल्या खरेदी झाल्या, दूध प्रक्रियाधीन. योजना आजही चालू असती, याबद्दल आम्हाला शंका नाही.

एका मथळ्याचा परिणाम मात्र झाला, असा आमचा ठाम समज आहे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा अहवाल 1918 च्या जुलैत आला, आणि त्या सुधारणांबद्दल ‘केसरी’ने विचारले : उजाडले, पण सूर्य कोठे आहे? जुलैतल्या पुण्यात हा प्रश्न राजकीय मानायचे खरे तर कारण नाही. सरकारने तो हवामान खात्याकडे, म्हणजे सिमल्याला पाठवला असणार. फाइल दहा वर्षे फिरली आणि 1928 साली खात्याने आपले मुख्यालयच सिमल्याहून पुण्याला आणले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. सूर्य जागेवर जाऊन पाहावा, एवढाच हेतू असावा. ‘आकाश अंशतः ढगाळ’ एवढे उत्तर तेव्हापासून मिळते आहे.

आज टिळक असते तर त्यांना तुरुंगात जावे लागले नसते, निदान पहिल्या महिन्यात तरी. माहितीचा अधिकार 2005 साली आला. अर्जाला 10 रुपये शुल्क, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. म्हणजे टिळकांचे 145 शब्द उरलेच असते. उत्तरासाठी मुदत 30 दिवसांची. तिसाव्या दिवशी जन माहिती अधिकाऱ्याचे पत्र येते : ‘आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘सदर डोके या कार्यालयाच्या अभिलेखावर नाही, सबब अर्ज कलम 6(3) अन्वये संबंधित कार्यालयाकडे हस्तांतरित करण्यात येत आहे.’ मग अर्जच मंत्रालय, आयुक्तालय, कलेक्टर कचेरी असा मुक्काम हलवत राहतो. पूर्वी हे काम गव्हर्नरांना स्वतः करावे लागे.

तेव्हा ज्या वाचकांना अजून उत्तर हवे आहे, त्यांनी अर्जात प्रश्नचिन्ह घालू नये. ‘सरकारचे डोके ज्या ठिकाणी ठेवले आहे तेथील आवक-जावक नोंदवहीची साक्षांकित प्रत मिळावी’ असे लिहावे. प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात.