बुडवा म्हणजे वाचेल

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात लढाईचा एक राउंड सहा सेकंदांचा असतो. तेवढ्यात चार-पाच शूरवीर, तितकेच राक्षस आणि जमलंच तर एखादी चेटकीण, अशा सगळ्यांनी आपापला पराक्रम उरकायचा. रविवारी दुपारी आमच्याकडे भाचीची टोळी जमते तेव्हा हे सहा सेकंद संपेपर्यंत चहाचे दोन राउंड होतात. तलवार चालवायला वेळ लागत नाही. ती लागली की नाही, हे ठरायला लागतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. गोष्ट त्याची, राक्षस त्याचे आणि निवाडाही त्याचाच. बाकीचे आपण काय करतोय ते सांगतात आणि वीस बाजूंचा फासा टाकतात. काही बेरजा करून आलेला आकडा समोरच्याच्या आर्मर क्लासइतका किंवा जास्त भरला, की वार बसला. एवढ्यासाठी तीनशेहून जास्त पानांचं पुस्तक कशाला, असं मी विचारलं तर भाची म्हणाली, "मामा, खांबाआड उभा असलेला माणूस किती दिसतो हे कुठंतरी लिहायला नको का?"

लिहायला हवंच. पण लिहिलं की वाचणारे दोघं असतात, एक बाण मारणारा आणि एक खांबाआडचा.

हे भांडण या खेळाला जन्मापासूनच चिकटलेलं आहे. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून तो बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. गायगॅक्स मूळचा युद्धखेळांचा शौकीन. जेफ पेरनबरोबर त्यानं १९७१ मध्ये 'चेनमेल' नावाचे, छोट्या सैनिकांच्या लढायांचे नियम काढले होते. नव्या खेळाच्या पुस्तिकांनी लढाईसाठी वाचकाला खुशाल त्या जुन्या नियमांकडे धाडलं आणि वर पर्याय म्हणून वीस बाजूंच्या फाशाची पद्धतही दिली. लढायचं कसं, या प्रश्नाला पहिल्याच आवृत्तीत दोन उत्तरं!

त्याआधी दीडशे वर्षं प्रशियाच्या लष्करानं हेच सोसलं होतं. राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटनं १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशा, ठोकळे, फासे आणि एक पंच असा 'क्रीगश्पील' मांडला. पुढं तक्ते इतके माजले की १८७६ मध्ये व्हर्डी द्यू व्हर्न्वा या सेनाधिकाऱ्यानं ते बाजूला सारून अनुभवी पंच सांगेल ते प्रमाण मानायची पद्धत पुढं आणली. एच. जी. वेल्सनं १९१३ च्या 'लिटल वॉर्स'मध्ये तिसरीच वाट काढली. खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेतून खरोखरचा गोळा उडवायचा, शिपाई आडवा झाला तर मेला. वादाला जवळपास जागाच नाही. मला हा उपाय फार कोरडा वाटतो. अशा घरात चहा कोण करणार?

नियम नेमका केला की भांडण मिटतं, ही समजूत फायरबॉलनं कायमची जाळून टाकली. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये लिहिलं होतं की आगीचा हा गोळा जागेच्या आकाराप्रमाणं पसरतो आणि साधारण ३३,००० घनफूट जागा व्यापतो. किती काटेकोर! आता भुयारातली बोळकांडी दहा फूट रुंद, दहा फूट उंच असते असं धरा. भागाकार केला की आग तीनशेतीस फूट धावते. पुढचं तोंड बंद असेल तर ती मागं फिरते, आणि मागं मंत्र म्हणणारे महाराज मित्रमंडळींसह उभे. ज्याला घनफळ येत नाही त्यानं जादू शिकू नये, असा तो काळ होता. आताच्या आवृत्तीत वीस फूट त्रिज्येचा गोल तेवढा उरलाय. पोरांचं गणित वाचलं, पण एक मोठी मौज गेली.

हिट पॉइंट्सचा घोळ याहून जुना. हे पात्राचे जिवाचे गुण. वार बसला की कमी होतात, अनुभव वाढला की वाढतात. मुरलेल्या योद्ध्याकडे ते इतके साठतात की कड्यावरून पडला तरी उठून कपडे झटकतो, कारण पडण्याची इजा दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा आणि जास्तीत जास्त वीस फासे, मग कडा कितीही उंच असो. गायगॅक्सनं खुलासा केला होता की हे गुण म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे. त्यात कौशल्य, नशीब, दैवी कृपा सगळं आलं. ठीक. मग विषारी बाण लागतो तेव्हा विष कोणाला चढतं, नशिबाला?

असे प्रश्न विचारणाऱ्याला खेळाडूंच्या जगात रूल्स लॉयर म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. पण त्यांची करामत बघा. आवृत्ती साडेतीनमध्ये बुडण्याचा नियम होता: माणूस बुडायला लागला की बेशुद्ध होतो आणि त्याचे हिट पॉइंट्स शून्यावर येतात. वकिलांनी तो शब्दशः वाचला. मरणाच्या दारात पडलेल्याचे गुण शून्याच्याही खाली, उणे आठ-नऊ असतात. म्हणजे त्याचं डोकं बादलीत घाला, तो शून्यावर 'येतो'. बुडवा म्हणजे वाचेल! दुसरी टोळी दोन हजारांवर शेतकरी एका रांगेत उभे करते. प्रत्येकानं शेजाऱ्याकडे भाला द्यायचा, सगळं एकाच सहा सेकंदांच्या राउंडमध्ये, म्हणजे शेवटच्या हातातून तो बंदुकीच्या गोळीला लाजवेल अशा वेगानं सुटणार. २०२४ च्या डन्जन मास्टर्स गाइडला अखेर लिहावं लागलं की बाबांनो, नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. कमरेखाली गदा मारायची नाही, हा नियम दुर्योधनालाही ठाऊक होता आणि भीमालाही. बलराम तर दोघांचा गुरू. तो नांगर उचलून धावला तेव्हा कृष्णानं नियम नाकारला नाही. भीमाची प्रतिज्ञा पुढं केली. सामान्य नियमावर विशेष नियम! बलराम पटला नाही, रागानं निघून गेला. आमच्या टेबलावरून अजून कोणी गेलेलं नाही, पण चपला घालण्यापर्यंत मजल गेलेली आहे.

भाचीनं डीएम म्हणून कायदा केलाय: वाद पाच मिनिटं, मग ती म्हणेल ते, पुस्तक नंतर बघायचं. व्हर्डी साहेबांना हे आवडलं असतं. कायदा शहाणपणाचा आहे, पण माझी सहानुभूती वकिलाकडे असते. 'जाऊ दे ना, खेळच तर आहे' म्हणणारा फासा टाकून मोकळा होतो. त्याच्यासाठी तिथं टेबल आणि चिवडा एवढंच असतं. खंदक नेमका किती फूट खोल, हे विचारणाऱ्याला खंदक दिसत असतो. तो त्याला कायम आपल्या फायद्याच्या बाजूनंच दिसतो, हे मान्य.

परवाचा मामला जिलेटिनस क्यूबचा होता. दहा फुटी पारदर्शक चौकोनी गोळा, भुयारातून सरपटत येतो आणि वाटेत येईल ते पोटात घेतो. टोळीतल्या वकिलानं ढाल मारून त्याला 'पाडलं'. भाचीनं पुस्तकावर बोट ठेवलं: २०१४ पासून हा प्राणी पडत नाही, तसं त्याच्या नावापुढं लिहिलेलं आहे. वकिलानं पिशवीतून मोठ्या भावाची २००८ ची आवृत्ती काढली. तिच्यात अशी सूट नाही, तिच्यात क्यूब पडतो. चार मिनिटं संपली होती.

"बरं, पडला," भाची म्हणाली. "आता कसा दिसतो ते सांग."

वकिलानं बराच विचार केला आणि हात आडवे-उभे करून पाहिले.

"आधी दिसत होता तसाच," तो म्हणाला, "पण त्याला अपमान कळलाय."