प्रोव्हिजनल

चंडीगडमध्ये कुणी पत्ता सांगायला लागलं की आरोपीवर कलमं लावल्यासारखं वाटतं. घर नंबर अमुक, सेक्टर १५, पोटविभाग डी. मारुतीच्या देवळामागे, गिरणीच्या बोळात, असल्या साक्षीपुराव्याची इथे गरजच नाही. वकील व्हायचं तरी वाट अशीच आकड्यांची. पंजाब विद्यापीठाचा विधी विभाग सेक्टर १४ मध्ये, सनद देणारी बार कौन्सिल ३७ मध्ये, जिल्हा न्यायालय ४३ मध्ये आणि वास्तुकार कोर्बुझिएने आखलेलं हायकोर्ट सेक्टर १ मध्ये. दुचाकीवरून निघालं, वाटेत छोले-कुलचे खाल्ले, तरी तासाभरात सगळी यात्रा होते. आमच्या प्रोव्हिजनलला सहा वर्षं लागली.

बँकेच्या बदलीने आम्ही इथे आलो तेव्हा तो वरच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या एकुलत्या खोलीत, आधीपासून राहत होता. मूळचा साताऱ्याकडचा. वडील फौजेत, शेवटची नेमणूक चंडीमंदिर छावणीत. निवृत्त होऊन ते गावी गेले आणि जड सामान मागे ठेवावं तसा मुलगा इथे ठेवून गेले. त्याचं खरं नाव सांगत नाही, कारण बदनामीचं नवं कलम त्याला पाठ आहे. शिवाय नावाने काही बिघडत नाही. सेक्टर १५ मधल्या कुठल्याही पीजीत जा, खुर्चीच्या पाठीला काळा कोट आणि उशाखाली कायद्याच्या मूळ मजकुराचं पुस्तक, म्हणजे बेअर अ‍ॅक्ट असलेला एक तरी प्रोव्हिजनल सापडेल.

नाव मी ठेवलं, पण शब्द त्याचाच. पदवी मिळाली ती प्रोव्हिजनल प्रमाणपत्रावर. बार कौन्सिलने नाव नोंदवलं तेही प्रोव्हिजनल. दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झॅम, वकिलांच्या भाषेत 'एआयबीई', पास झालास तर पक्का. त्याचं मराठीही तसंच कागदोपत्री. "काका, मी जेवण करून घेतलं आहे" म्हणतो, आणि मला वाटतं, हा आता माझी सही मागणार.

कायदा शिकणाऱ्याला जग जसं दिसतं तसं ते इतरांना दिसत नाही, हे देवाचे उपकार. याच्यासोबत थंड पेयाची बाटली कधी उघडू नये. ती त्याआधी उजेडात धरली जाते आणि १९३२ सालच्या स्कॉटलंडमधल्या खटल्यातली गोगलगाय टेबलावर येते. बाईंच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली म्हणे, आणि त्यातून निष्काळजीपणाचा अख्खा कायदा निघाला. आमच्या हिने तेव्हापासून त्याला फक्त ताक द्यायला सुरुवात केली. पाहुण्यांना घेऊन रॉक गार्डनला गेलो तर लोक फुटक्या बांगड्यांचे पुतळे पाहत होते आणि हा अतिक्रमण पाहत होता. नेकचंद हे सरकारी रस्ते निरीक्षक. सरकारी जंगलात कुणाला न सांगता वर्षानुवर्षं ही बाग उभारत राहिले, आणि सापडल्यावर शिक्षा होण्याऐवजी १९७६ मध्ये बागेचं रीतसर उद्घाटन झालं. "काका, यातला एकेक दगड म्हणजे फिर्यादी पक्षाचा पुरावा आहे," असं तो इतक्या कळकळीने म्हणाला की पाहुण्यांनी हळूच आजूबाजूला पोलीस आहे का ते पाहिलं.

सुखना तलावावर मात्र त्याचा वैयक्तिक राग. इथल्या हायकोर्टाने २०२० मध्ये या तलावाला कायद्याच्या दृष्टीने जिवंत व्यक्ती ठरवलं. त्याच्या आदल्या वर्षी तर पशुपक्ष्यांनाही. संध्याकाळी काठावर फिरताना तो बदकांकडे बघून सुस्कारा सोडे. "यांचं झालं. माझंच राहिलं."

आता आंटीजींबद्दल. आमच्या घरमालकीण. कायद्याचं एक पानही न वाचता गेली तीस वर्षं भाडेकरू ठेवत आल्यात. त्यांचा करार अकरा महिन्यांचा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा केला तर नोंदणी करावी लागते, हे नोंदणी कायद्याचं १७वं कलम त्यांना कलम म्हणून ठाऊक नाही, पण आंब्याच्या लोणच्यात मीठ किती हे जसं ठाऊक असतं तसं ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून त्या याला "वकील साब" म्हणत. "ओ वकील साब, मोटर बंद कर, टाकी भर गई!" हा गच्चीवरून धावत यायचा. पाच वर्षांत त्याने आंटीजींसमोर केलेला एकही युक्तिवाद टिकल्याचं मला आठवत नाही.

एक प्रसंग तर नोंदवून ठेवण्यासारखा. आंटीजींचा कुत्रा शेरू एके दिवशी हरवला. हा अभ्यासिकेतून परतताना शेरू त्याला मार्केटमधल्या टिक्कीच्या गाडीपाशी दिसला, त्याने उचलून आणला. आंटीजींनी दुपारीच गल्लीत जाहीर केलं होतं, आणून देईल त्याला पाचशे रुपये. त्यांनी पर्स उघडली. आणि या गृहस्थाने हात वर केला. म्हणाला, "आंटीजी, मी हे घेऊ शकत नाही. लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, १९१३." मग दारात उभं राहून सगळी कथा. मालकाचा पुतण्या हरवला, मुनीम कानपूरहून हरिद्वारला जाऊन त्याला घेऊन आला, मागाहून त्याला बक्षिसाचं कळलं, त्याने दावा लावला आणि तो हरला. कारण प्रस्ताव माहीतच नसेल तर स्वीकार कसला, आणि स्वीकार नाही तर करार नाही! "मला तुमच्या बक्षिसाची कल्पना नव्हती. म्हणून मी हक्कदार नाही." आंटीजींनी शांतपणे पर्स मिटली. "पढ़ाई अच्छी कर रहा है," त्या मला म्हणाल्या. त्या महिन्यात त्याच्याकडे मेसचे पैसे भरायला नव्हते. ते मी दिले. अशील नसलेल्या खटल्यात स्वतःविरुद्ध निकाल मिळवणारा वकील मी दुसरा पाहिला नाही.

परीक्षेविषयी त्याची पहिली भूमिका घटनात्मक होती. परीक्षा वैध आहे का, यावर सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींचं पीठ विचार करत होतं, आणि ती रद्द होणार याची त्याला खात्री होती. म्हणून परीक्षेचा अभ्यास त्याने केला नाही. त्या खटल्याचा मात्र असा केला की त्यावर पीएचडी मिळाली असती. १० फेब्रुवारी २०२३ला निकाल आला. परीक्षा वैध. दोन दिवस तो जेवला नाही.

तशी परीक्षा काही राक्षसी नाही. शंभर प्रश्न, तेव्हा साडेतीन तास, चुकलं तरी गुण कापत नाहीत. पूर्वी पुस्तकं न्यायला मुभा होती. मुलं म्हणे बॅगा भरभरून ग्रंथ न्यायची. आता फक्त बेअर अ‍ॅक्ट, तेही कोरे. याच्या बेअर अ‍ॅक्टमध्ये समासात मुंगीही शिरणार नाही इतक्या टिपा. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही तिघं, म्हणजे तो, मी आणि आमची ही, खोडरबर घेऊन बसलो होतो. भारतीय पुरावा अधिनियमावरचा मजकूर पुसता पुसता ही म्हणाली, "यालाच पुरावा नष्ट करणं म्हणतात ना रे?" तो हसला नाही.

पास व्हायला त्याला पंचेचाळीस टक्के लागत होते. पहिल्या खेपेला एक्केचाळीस मिळाले. मी विचारलं, कुठे अडलं? म्हणाला, "काका, सदतिसाव्या प्रश्नाचे चारही पर्याय युक्तिवादाला खुले होते." त्या एका प्रश्नावर त्याने मनातल्या मनात बहुमताचा निकाल दिला, भिन्नमताचा दिला, आणि वेळ संपली.

तेवढ्यात देशाने कायदेच बदलले. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेची ५११ कलमं गेली, न्याय संहितेची ३५८ आली. बाकीच्यांसाठी ही बातमी होती, याच्यासाठी घरफोडी. खुनाचं ३०२ आता १०३ झालं होतं. त्याच्या प्रवासी बॅगेचं कुलूप ३०२ला उघडायचं. त्याने ते त्याच रात्री बदलून १०३ केलं. मग जुन्या सवयीने ३०२ लावत बसला आणि पायजमा आत अडकला. त्यात ३ डिसेंबरला पंतप्रधान चंडीगडलाच आले आणि हे नवे फौजदारी कायदे पूर्णपणे अमलात आणणारं पहिलं ठिकाण म्हणून याच शहराचं नाव झालं. "सगळ्या देशात यांना हेच गाव सापडलं," तो म्हणाला. परीक्षा १९ दिवसांवर होती.

या वेळी पास झाला. एवढंच नाही, तर २० मे २०२५ला सुप्रीम कोर्टाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, आणि ती वर्षं प्रोव्हिजनल नोंदणीपासून मोजायची असं सांगितलं. पीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्या अमरावतीचे भूषण गवई. तो जिन्यावरून ओरडत आला, "काका, प्रोव्हिजनल मोजलं! आपल्या माणसाने मोजलं!" हिने शिरा केला.

मग प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र आलं. पेढ्यांचा पुडा घेऊन तो आंटीजींच्या पाया पडायला गेला. त्यांनी प्रमाणपत्र चष्मा लावून नीट वाचलं, पेढा खाल्ला, डोक्यावर हात ठेवला आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्याला "पुत्तर" म्हणाल्या. पुत्तर, महिनाअखेरीला खोली रिकामी कर. वकिलाला खोली द्यायची नाही, हा त्यांच्या सासऱ्यांपासूनचा नियम. एकदा वकील आत शिरला की बाहेर निघत नाही.

मला वाटलं, आता ऐकू येणार. बेदखली, नोटीस, मुदत, करार संपल्यावरच्या भाडेकरूचे हक्क. तो काही बोलला नाही. संध्याकाळी आमच्या दारात आला, हातात सुतळीचा गुंडा आणि पाठीमागे बेअर अ‍ॅक्टची चार खोकी.

"काका, ही तुमच्या बाल्कनीत ठेवू का? तात्पुरती."

मी आत पाहिलं. हिने मान हलवली.

"ठेव," मी म्हणालो. "पण अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करून दे."